विश्लेषण : मोपा ते चिपी अंतर किती? ४५ किलोमीटर, ६५ किलोमीटर की अख्खा दिवस?

मोबाइलवर ‘मोपा ते चिपी अंतर’ असे टंकले की एकाच प्रश्नाची तीन-चार उत्तरे समोर येतात. कुठे ४५ किलोमीटर, कुठे ६५, कुठे त्याहून थोडे जास्त. वेळ कुठे दीड तास, कुठे दोन तास. काही संकेतस्थळे तर ‘विमानाने दहा मिनिटे’ असेही ठोकून देतात. गंमत म्हणजे यातले बहुतेक आकडे चुकीचे नाहीत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, इतकेच.

मात्र हा खेळ केवळ आकड्यांचा नाही. गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सिंधुदुर्गच्या वेंगुर्ले तालुक्यातला परुळे-चिपी येथील विमानतळ यांच्यातले हे अंतर कसे मोजायचे, यावर एका जिल्ह्याच्या विमानसेवेचे भवितव्य ठरत आहे. २०११च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या सिंधुदुर्गाला स्वतःचे विमान परवडते का, की शेजारच्या गोव्याचेच वापरावे, हा प्रश्न कुडाळ-मालवणात चहाच्या टपरीपासून जिल्हा नियोजनाच्या बैठकीपर्यंत चघळला जातो. त्यात बहुतेक वेळा अंतर चुकीच्या पट्टीने मोजले जाते.

एवढे वेगवेगळे आकडे येतात कुठून?

पहिला आकडा हवाई अंतराचा. चिपीची धावपट्टी साधारण १६ अंश उत्तर अक्षांश आणि साडेत्र्याहत्तर अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. मोपा तिथून पाव अंश दक्षिणेला आणि सुमारे एक तृतीयांश अंश पूर्वेला. पाव अंश म्हणजे २८ किलोमीटर; एक तृतीयांश अंश म्हणजे आपल्या अक्षांशावर ३५ किलोमीटर. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवला तर कर्ण निघतो सुमारे ४५ किलोमीटर. पक्ष्याच्या वाटेने जायचे तर एवढेच.

माणूस मात्र रस्त्याने जातो आणि कोकणातला रस्ता नदी, खाडी, सडा आणि घाटी यांची परवानगी घेत घेत पुढे सरकतो. मोपाहून चिपीला जायच्या ढोबळमानाने दोन वाटा. एक महामार्गाची: पत्रादेवी, बांदा, इन्सुली, झाराप, कुडाळ आणि तिथून आत वळून पिंगुळी, पाट, परुळे. दुसरी किनाऱ्याजवळची: सातार्डा, शिरोडा, वेंगुर्ले, म्हापण, परुळे. कोणत्याही वाटेने गेले तरी काटा साठ ते सत्तरच्या दरम्यान थांबतो. पहिल्या वाटेवर चौपदरी महामार्ग मिळतो, पण कुडाळनंतरचा रस्ता गावागावांतून जातो. दुसरी वाट देखणी. पण समोरून एसटी आली की बाजूला थांबायचे. म्हणून वेळ दीड तास की दोन तास, हे कोण चालवतो आणि कोणत्या महिन्यात चालवतो यावर अवलंबून. पावसाळ्यात आणि गणपतीच्या आठवड्यात नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या वेळेवर विसंबून विमान गाठायला निघू नये, हे स्थानिकांना सांगावे लागत नाही.

तिसरा आकडा, ‘विमानाने दहा मिनिटे’, हा शुद्ध भागाकार आहे. छोट्या शहरांना जोडणारे एटीआर ७२ जातीचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ४५ भागिले ५०० केले की पाच-सहा मिनिटे येतात. त्यात थोडी भर घालून संकेतस्थळे ‘दहा’ लिहितात. पण विमान म्हणजे रिक्षा नव्हे. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, वर चढणे, पुन्हा उतरण्यासाठी दिशा घेणे, हे सगळे धरले की एवढ्याशा अंतरालाही वीस-पंचवीस मिनिटे लागतील. शिवाय विमान सुटण्याआधी तासभर सामानाची खिडकी बंद होते, म्हणजे प्रवाशाने दीड-दोन तास आधी पोहोचायचे. तेवढ्या वेळात तो मोटारीने चिपीला पोहोचलेला असतो. दोन शेजारी विमानतळांमधला विमानप्रवास त्यामुळे अर्थहीन ठरतो. त्यांच्यातले अंतर महत्त्वाचे आहे ते वेगळ्याच कारणासाठी: दोघांचे प्रवासी तेच आहेत का?

सरकारचा १५० किलोमीटरचा नियम काय सांगतो?

केंद्र सरकारच्या २००८च्या नव्या विमानतळांविषयीच्या धोरणानुसार, अस्तित्वात असलेल्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटर हवाई अंतराच्या आत सर्वसाधारणपणे नवा विमानतळ होऊ नये. करायचाच झाला तर जुन्या विमानतळावर काय परिणाम होईल ते तपासून केंद्राने स्वतंत्र निर्णय घ्यायचा. म्हणजे बंदी नाही, पण उंबरठा आहे.

आता नकाशावर तीन टाचण्या लावाव्यात. दाबोळी ते मोपा हवाई अंतर सुमारे ४० किलोमीटर. मोपा ते चिपी ४५. दाबोळी ते चिपी ७५च्या आसपास. एका नियमाच्या वर्तुळात तीन विमानतळ सहज मावतात आणि पूर्वेला बेळगावही त्याच वर्तुळात येते; मोपापासून ते हवाई अंतराने ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरच आहे. नियम असून अपवादच जास्त, अशी ही स्थिती.

त्याचे खापर केवळ राजकारणावर फोडणे सोपे आहे आणि काही अंशी खरेही. पण नियमातच खोट आहे. तो पक्ष्याच्या वाटेने मोजतो. सह्याद्रीच्या वर असलेले बेळगाव आणि पायथ्याचा मोपा यांच्यात आंबोली किंवा चोर्ला घाट आहे, हे त्या १५०मध्ये कुठेच दिसत नाही. उलट मुंबई आणि नवी मुंबई हे विमानतळ हवाई अंतराने पंचवीसेक किलोमीटरवर आहेत आणि तरीही दुसरा हवाच होता, कारण पहिला ओसंडून वाहत होता. अंतर किती यापेक्षा त्या अंतराच्या आत माणसे किती, पैसा किती आणि वाट कशी, हे विचारायला हवे. नियम ते विचारत नाही.

नाशिक-शिर्डीची जोडी या दृष्टीने बोलकी आहे. ओझर ते काकडी हे हवाई अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नियमाच्या निम्म्याहून कमी. तरी १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या शिर्डी विमानतळामुळे ओझरचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, कारण दोघांचे गिऱ्हाईक वेगळे. शिर्डीला दक्षिणेतून आणि दिल्लीहून भाविक येतो. दर्शन घेतो आणि परततो. ओझरला उद्योजक, द्राक्षबागायतदार, नाशिककर कुटुंबे. मोपा आणि चिपीचे दुखणे नेमके इथे आहे. दोघेही एकच गोष्ट विकतात: समुद्र. आणि त्यातल्या एकाचे नाव आधीच जगप्रसिद्ध आहे.

सिंधुदुर्ग कुठे दुभंगतो?

जिल्ह्याचा नकाशा घेऊन प्रत्येक तालुक्याच्या गावापासून दोन्ही विमानतळांचे अंतर मोजले तर एक रेघ उमटते. सावंतवाडीहून मोपा हवाई अंतराने १८ किलोमीटरच्या आसपास, चिपी ३२. बांदा आणि दोडामार्ग तर मोपाच्या अंगणातच. कुडाळहून मात्र चित्र उलटते: चिपी १७, मोपा ३४. वेंगुर्ल्याला चिपी जवळ, पण फार नाही. मालवण, कणकवली, देवगड हे स्पष्टपणे चिपीच्या बाजूचे. देवगडहून मोपा हवाई अंतरानेच ८५ किलोमीटरच्या आसपास पडतो.

म्हणजे रेघ सावंतवाडी आणि कुडाळ यांच्या मधून, झारापच्या आसपास जाते. जिल्ह्याचा दक्षिण भाग मोपाचा, बाकीचा चिपीचा. ही रेघ राजकीय सभांमध्ये कधी ऐकू येत नाही. तिथे ‘सिंधुदुर्गाचा विमानतळ’ आणि ‘गोव्याचा विमानतळ’ अशी भाषा असते. सावंतवाडीच्या घरातला मुलगा आखातातून येतो तेव्हा तो राज्याची सीमा पाहत नाही. तो मोपाला उतरतो आणि पाऊण तासात घरी पोहोचतो. त्यात गैर काहीच नाही. सावंतवाडी-दोडामार्गाचा माणूस उपचारासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, नोकरीसाठी म्हापशाला जातो, बाजारासाठी जातो. विमानासाठीच त्याने जिल्हानिष्ठा दाखवावी, ही अपेक्षा अजब.

रेघेच्या उत्तरेला मात्र प्रश्न खरा आहे. आणि तिथेही सरळ रेषा फसवते. मालवणहून चिपी हवाई अंतराने दहा-एक किलोमीटर. देवबागच्या संगमावर उभे राहिले तर समोर पलीकडचा भोगवे किनारा दिसतो. पण मध्ये कर्ली नदी आहे. गाडीला वळसा घालून पुलावरूनच यावे लागते आणि दहाचे अंतर दुपटीच्या वर जाते. तारकर्लीचा पर्यटक होडीतून विमान उतरताना पाहील, पण त्या विमानात बसायला त्याला पाऊण-एक तास आधी निघावे लागेल.

खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा

अंधेरीतून मालवणला जाणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुंबई ते चिपी हवाई अंतर ३५० किलोमीटर, मुंबई ते मोपा ३८५. आकाशात फरक नगण्य; चिपीला जाणारे छोटे पंख्याचे विमान असेल आणि मोपाला जाणारे जेट, तर मोपाचे काही मिनिटे आधीच पोहोचेल.

चिपीमार्गे: घर ते विमानतळ आणि तिथली तपासणी मिळून अडीच तास, विमान सव्वा तास, बाहेर पडायला वीस मिनिटे (छोट्या विमानतळाचा हा मोठा फायदा), पुढे मालवणपर्यंत पाऊण-एक तास. एकूण पाच तास. मोपामार्गे: तेच अडीच तास, विमान सव्वा तास, सामान घेऊन बाहेर यायला पाऊण तास आणि पुढे मालवणपर्यंत ऐंशीच्या आसपास किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तास. एकूण पावणेसात तास. फरक पावणेदोन तासांचा, शिवाय टॅक्सीचे भाडे वेगळे. म्हणजे चिपी जिंकले?

नाही. या हिशेबात एक गोष्ट राहिली: विमान कधी आहे? चिपीला मुंबईहून दिवसाला एक किंवा आठवड्यात काही दिवसच विमान असेल आणि ते नको त्या वेळी असेल, तर वाट पाहण्याचा वेळ हिशेबात धरावाच लागतो. शनिवारी सकाळी निघून सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असेल आणि परतीचे विमान मंगळवारी असेल, तर पावणेदोन तासांची बचत काय कामाची? मोपाला मुंबईहून दिवसभरात अनेक विमाने. एक चुकले तर दुसरे. अनेक कंपन्या म्हणून भाड्यातही स्पर्धा. हवामानामुळे चिपीची एकुलती फेरी रद्द झाली तर प्रवाशाचा दिवस जातो. मोपाची एक फेरी रद्द झाली तर दुपार जाते.

विमानतळांमधले खरे अंतर हे असे फेऱ्यांमध्ये मोजावे लागते. चिपी ते मोपा हे अंतर रस्त्याने ६५ किलोमीटर, पण प्रवाशाच्या हिशेबात कधी कधी पूर्ण एक दिवस असते. आणि एकदा प्रवासी मोपाला गेला की चिपीच्या विमानातली एक खुर्ची रिकामी राहते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की फेरी कमी होते. फेरी कमी झाली की आणखी प्रवासी मोपाला जातात. हे चक्र उलटे फिरवणे कोणत्याही छोट्या विमानतळाला सोपे नसते.

कोकणात तर रेल्वेही स्पर्धेत आहे. जून २०२३पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास मडगावला पोहोचते आणि कणकवलीला थांबते. कणकवलीच्या माणसाला दादरहून बसून सहा-साडेसहा तासांत घरी येता येत असेल, तर पाच तासांच्या आणि बेभरवशाच्या विमानप्रवासासाठी तो जास्तीचे पैसे का मोजेल? चिपीच्या नावाने मोपाकडे बोट दाखवणारे या गाडीचा उल्लेख सहसा करत नाहीत.

चिपीचे विमान अडखळले कशाने?

चिपीच्या बाबतीत वेळ ही सुरुवातीपासूनच हुकत गेलेली गोष्ट. सप्टेंबर २०१८मध्ये गणपतीच्या तोंडावर चाचणी म्हणून विमान उतरले, गाजावाजा झाला. प्रत्यक्ष उद्घाटन झाले ९ ऑक्टोबर २०२१ रोजी. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच व्यासपीठावर आले आणि त्या दिवशी विमानापेक्षा टोलेबाजीचीच चर्चा जास्त झाली. सव्वा वर्षाने, ११ डिसेंबर २०२२ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते मोपाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून तिथून विमाने उडू लागली. चिपीला मोकळे मैदान मिळाले ते एवढेच: पंधरा महिने, त्यातही सुरुवातीचे करोनाच्या सावटाखालचे.

चिपीची मुंबई सेवा ‘उडान’ योजनेतली होती. या योजनेत काही खुर्च्यांचे भाडे मर्यादित ठेवायचे, त्यामुळे कंपनीला येणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरून काढायची आणि तीन वर्षे त्या मार्गावर त्याच कंपनीला मक्तेदारी द्यायची, अशी रचना असते. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हा त्यामागचा विचार. अलायन्स एअरची मुंबई-सिंधुदुर्ग सेवा ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०२४मध्ये तीन वर्षे भरली आणि ती थांबली. अनुदानाची काठी काढताच मार्ग खाली बसला. देशभरात ‘उडान’च्या अनेक मार्गांची हीच कथा आहे, त्यामुळे सिंधुदुर्गाने फार लाजायचे कारण नाही, पण यातून शिकायला हवे होते ते शिकले गेले नाही.

कारण मूळ अडचण प्रवासी नसण्याची नव्हतीच. मुंबईत स्थायिक सिंधुदुर्गकर चाकरमानी हा असा प्रवासी आहे की ज्याची देशातल्या कोणत्याही पर्यटनस्थळाने असूया करावी. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, जत्रेला येतो. समुद्र पाहायला नव्हे तर घरी येतो. त्याला गोव्याची भुरळ घालून वळवता येत नाही. अडचण होती मुंबईच्या टोकाला. मुंबई विमानतळावर गर्दीच्या वेळी उड्डाण-आगमनाच्या वेळा, म्हणजे ‘स्लॉट’, मिळणे हे सोन्याहून महाग. सत्तर खुर्च्यांचे छोटे विमान आणि दोनशेच्या आसपास खुर्च्यांचे मोठे विमान, दोघांनाही एकच स्लॉट लागतो. सकाळी आठचा स्लॉट हातात असलेली कंपनी तो दिल्लीला वापरेल की चिपीला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. म्हणून चिपीच्या वाट्याला येते ती उरलीसुरली वेळ.

फ्लाय९१ ही नवी कंपनी मार्च २०२४मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या मार्गांमध्ये बेंगळूरु-सिंधुदुर्ग होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुणे-सिंधुदुर्गही सुरू झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या कंपनीचे मुख्य ठाणे मोपा येथे आहे. शेजारचा मोठा विमानतळ छोट्याला गिळतोच असे नाही. विमान रात्री उभे करायला, दुरुस्तीला, कर्मचाऱ्यांना राहायला मोठा विमानतळ जवळ असणे छोट्याच्या फायद्याचेही ठरू शकते. ‘मोपामुळे चिपी मेले’ या वाक्यात जेवढे तथ्य आहे, तेवढेच ‘मोपा नसता तर चिपीला ही कंपनी मिळाली असती का’ या प्रश्नातही आहे.

दाबोळीलाही हीच भीती

सिंधुदुर्ग मोपाकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने दक्षिण गोवाही पाहतो. पोर्तुगीज काळात पन्नासच्या दशकात सुरू झालेला दाबोळी हा आज नौदलाचा तळ. नागरी विमानांना तिथे नौदलाच्या सरावाच्या वेळा सोडून जागा मिळते. मोपाचा विचार पुढे आला तो यातूनच. मूळ कल्पना मोपा झाले की दाबोळीची नागरी सेवा बंद करण्याची होती. दक्षिण गोव्यातून विरोध झाला आणि दोन्ही चालू ठेवण्याचे ठरले. पुढे पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०१९मध्ये काम थांबले आणि जानेवारी २०२०मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

दोन्ही चालू आहेत हे खरे. पण जून २०२४मध्ये कतार एअरवेजने आपली सेवा दाबोळीहून मोपाला हलवली तेव्हा मडगाव-वास्कोच्या हॉटेल आणि टॅक्सी व्यावसायिकांना जे समजायचे ते समजले. दाबोळी ते मोपा रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. नवा झुआरी पूल डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि पुढच्या वर्षी मोपाहून धारगळला राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा रस्ता वापरात आला, त्यामुळे कागदावर वेळ कमी झाला. पर्वरीतल्या उड्डाणमार्गाच्या कामाने त्यातला बराचसा परत घेतला. काणकोणच्या हॉटेलवाल्याला या साऱ्यातून एवढेच दिसते की पाहुणा आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला उतरतो आणि थकून येतो किंवा येतच नाही.

गोवा सरकारकडे निदान दोन विमानतळ एकाच राज्यात आहेत. निर्णय घेणारे एक. मोपा-चिपीच्या मध्ये राज्याची सीमा आहे आणि खरे नुकसान तिथे होते.

मग करायचे काय?

चिपीला गोव्याशी स्पर्धा करायला लावणे थांबवावे, हे पहिले. दिल्ली, बेंगळूरु, हैदराबादचा पर्यटक मोपाला उतरणार. त्याला चिपीकडे ओढण्यासाठी अनुदान ओतण्यात फारसा अर्थ नाही. तो मोपाला उतरून मालवणला कसा येईल, यावर पैसा खर्च करावा. मोपाच्या दारातून बांदा, सावंतवाडी, कुडाळ, मालवण अशी विमानांच्या वेळेशी बांधलेली, सामानाला जागा असलेली, वातानुकूलित एसटी हवी. दिवसाला एखादी नव्हे, दर दोन तासांनी. गोव्याच्या कदंब महामंडळाच्या विजेवरच्या बस मोपाहून म्हापसा, पणजी, मडगावला जातात. तशीच सेवा उत्तरेला पत्रादेवीच्या पलीकडे जावी, इतकी साधी ही मागणी. टॅक्सीच्या बाबतीत दोन्ही राज्यांना बसून ठरवावे लागेल. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्याच्या विमानतळावर प्रवासी घ्यायला उभी राहिली की वाद होतो, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. पेडण्याच्या टॅक्सीवाल्याची जमीन विमानतळात गेली असेल तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याचे भाडे मालवणच्या पर्यटकाने मोपाला उतरूच नये इतके असेल, तर त्याचेही नुकसान आहेच.

दुसरे, चिपीने एकच गोष्ट धरून ठेवावी: मुंबई. सकाळी जाणारे आणि संध्याकाळी येणारे रोजचे विमान, वर्षभर, ठरलेल्या वेळी. राज्य सरकारला अनुदान द्यायचेच असेल तर ते अनेक शहरांत विखरून देण्यापेक्षा या एका जोडीवर द्यावे आणि ते फेरी रद्द न होण्याशी बांधावे. खुर्ची किती स्वस्त यापेक्षा विमान येणार की नाही, याची खात्री प्रवाशाला जास्त मोलाची वाटते. नवी मुंबई विमानतळाने स्लॉटची कोंडी फोडण्याची संधी दिली आहे. पनवेल, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्या कोकणी कुटुंबांना तो जवळही आहे. चिपीच्या विमानाला तिथे सकाळची वेळ राखून ठेवणे हे राज्याच्या हातातले काम आहे. त्यासाठी नवी धावपट्टी बांधावी लागत नाही. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. एअरबस ३२० जातीचे विमान उतरू शकेल एवढी. गणपतीच्या आठवड्यात मोठी विमाने आणता येतील.

तिसरे काम अगदी छोटे आणि अगदी दुर्लक्षित. कुडाळ-पाट-परुळे रस्ता आणि मालवण-चिपी रस्ता. पन्नास मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांचा झाला तर विमानाचा वेग न वाढवता प्रवास पाव तासाने कमी होतो. २०२१च्या उद्घाटनाच्या भाषणांत विमानतळावर जेवढे बोलले गेले, त्याच्या निम्मे जरी या रस्त्यांवर बोलले गेले असते तर बरे झाले असते. १९९७मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात विमानतळाबाहेर पडल्यावर पर्यटकाला बस कुठली घ्यायची, हे सांगणारी पाटीही तेवढीच गरजेची.

याला आक्षेप असा घेतला जाईल की, मोपाला एसटी जोडली तर चिपीचे उरलेसुरले प्रवासीही जातील. काही जातील. सावंतवाडीचे तर आधीच गेले आहेत. पण जो प्रवासी मोपाला उतरून कळंगुटला जातो, तो मालवणला आला तर तिथल्या खानावळीचा, होडीवाल्याचा, घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंचा फायदा आहे आणि त्यांना विमानाच्या शेपटीवर कोणत्या विमानतळाचे नाव आहे याच्याशी कर्तव्य नाही. विमानतळ जगवण्यासाठी पर्यटन की पर्यटन जगवण्यासाठी विमानतळ, हा क्रम एकदा नीट लावला की मोपाची भीती बरीच कमी होते.

तिकीट काढताना एवढे पाहा

तोवर प्रवाशाने स्वतःची काळजी घ्यावी. तिकिटावर नुसते ‘गोवा’ असे शहराचे नाव असू शकते. त्यापुढचा संकेत वाचावा. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा आणि ‘एसडीडब्ल्यू’ म्हणजे सिंधुदुर्ग. स्वस्त दिसले म्हणून जाताना मोपा आणि येताना दाबोळी असे तिकीट निघाले तर दोन विमानतळांमधला दीड तास आणि टॅक्सीचे पैसे त्या स्वस्ताईत मिळवून पाहावेत. सावंतवाडीच्या दक्षिणेला जायचे असेल तर मोपा डोळे झाकून. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, देवगडला जायचे असेल तर आधी चिपीचे वेळापत्रक, त्यातही परतीच्या दिवसाचे, पाहावे आणि मगच किंमत. पावसाळ्यात चिपीची फेरी धरली असेल तर त्याच दिवसाची कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस मनात राखून ठेवावी. कुडाळला दोन्ही थांबतात.

आणि मोपा ते चिपी असा प्रवास खरोखरच करायचा असेल, म्हणजे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे असेल, तर मध्ये किमान पाच तास ठेवावेत. दोन तास रस्त्याचे, दोन तास विमानतळावरचे आणि एक तास बांद्याला किंवा कुडाळला जेवायचा.